डावीकडची बाकं

१

उन्हाळ्यात स्टॉकहोमला अंधार असा मिळत नाही. हवाच असेल तर पुलाखाली जावं लागतं.

हेडविग एकरोट रोज जायची. पर्यटकांना शहर दाखवणाऱ्या 'स्वालान' नावाच्या बोटीवर ती माइक धरून उभी राहायची. स्वालान म्हणजे पाकोळी. बोट मात्र म्हशीच्या चालीची. रुंद, सुस्त, वळायचं म्हटलं की आढेवेढे घेणारी. सुकाणूवर हेडविगचा मोठा भाऊ टोरे असायचा आणि मागच्या बाजूला कॉफी, दालचिनीचे बन घेऊन मायलिस. मायलिस साठीची, जाडजूड, आणि तोंडाने फटकळ.

"उजवीकडे राजवाडा," हेडविग म्हणायची. "खिडक्या मोजायला घेऊ नका. राजानेही मध्येच सोडून दिलंय." लोक हसायचे. रोज त्याच जागी, तेवढंच.

फेरीच्या शेवटाला, दोन बेटांमधल्या अरुंद पाण्यावर एक जुना दगडी पूल होता. त्याला आधी रस्ता जोडला, मग रेल्वे, मग पुन्हा रस्ता. असं करता करता तो इतका रुंद झाला की खाली बोगदाच तयार झाला. बोटीवरची माणसं त्याला बोगदाच म्हणत. आत शिरलं की माइक किंचाळायचा, म्हणून हेडविग तो बंद करायची आणि प्रवाशांकडे तोंड करून गप्प उभी राहायची. भिंतींवरून पाणी ओघळत असायचं. इंजिनाचा आवाज दगडावर आपटून दुप्पट होऊन परत यायचा. बायका खांद्यावरच्या शाली सारख्या करायच्या, पोरं "ऊऽऽ" करून ओरडायची, आणि मग एकदम ऊन.

त्या दिवशी पोरं ओरडली नाहीत.

बोट आत शिरली आणि सगळ्यांनी एकाच वेळी डावीकडे वळून बघितलं. म्हातारे, पोरं, ज्यांना झोप लागली होती तेसुद्धा. त्यांच्या डावीकडे, म्हणजे हेडविगच्या उजव्या हाताला, नुसती ओली भिंत होती आणि दोर बांधायची एक गंजकी कडी. हेडविगने बघितलं, पुन्हा प्रवाशांकडे बघितलं. कोणीही पापणी हलवत नव्हतं. एका बाईने तोंडावर हात धरला होता.

धक्क्याला लागल्यावर तीच बाई उतरताना थांबली. जर्मनीहून आलेली, नीटनेटकी, गळ्यात दुर्बीण.

"तो पुलाखालचा प्रसंग फार छान बसवलाय," ती म्हणाली. "पण लहान मुलं असतात हो. आधी सूचना द्यायला हवी."

"कुठला प्रसंग?"

बाई समजूतदारपणे हसली. "बरं, बरं. नका सांगू." आणि जाता जाता तिने हेडविगच्या दंडावर हलकं थोपटलं. "दमत असाल तुम्ही."

२

पुलाखाली नाटकवाल्या पोरांनी काही चालवलं असेल, असं हेडविगने ठरवलं. या शहरात उन्हाळ्यात कोण कुठे काय सादर करील याचा नेम नसतो. पण त्यांना तिथे उभं राहायला जागा कुठे होती? आणि मग तिला कसं दिसत नव्हतं?

पुढच्या फेऱ्यांतही माना वळत राहिल्या. उतरताना लोक काहीबाही बोलून जायचे.

"एवढ्या चटकन तिकडे जाऊन परत कशा येता तुम्ही?"

"तो माणूस खरोखरचा आहे का? आवाज फार खरा येतो. हाडाचा."

"लाल जाकीट बरं पडतं नाही? डाग दिसत नाहीत."

लाल जाकीट बोटीवर एकीच्याच अंगावर होतं. ते गाइडचं होतं. तिचं.

एका दुपारी ती दोर आवरत होती तेव्हा मायलिसने तिचा हात धरून उताणा केला, मग पालथा केला. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटली होती. सुजलं होतं.

"कोणाला ठोकून आलीस?"

"दोर आहे ना. ओला दोर सोलतो."

"दोर तळव्याला सोलतो बाई. वरून नाही सोलत."

हेडविगने हात काढून घेतला. खरं सांगायचं तर तिला त्या दुखण्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिला बरं वाटत होतं. कधी नव्हे एवढं. मार्चमध्ये आई गेली होती. आईच्या शेवटच्या वर्षांत तिला उचलणं, धुणं, भरवणं, शिव्या ऐकणं हेडविगनेच केलं. टोरे तेव्हा मालवाहू जहाजावर कुठल्याशा उष्ण समुद्रात होता आणि थेट दफनाला उगवला. ती त्याला एका शब्दाने काही बोलली नाही. त्यानेच मग जहाज सोडलं आणि तिच्या बोटीवर सुकाणू धरायला आला. दोघं शेजारी शेजारी काम करायची आणि हेडविगचा जबडा दिवसभर आवळलेला असायचा. रात्री दात दुखायचे.

आता नाही दुखायचे. बोगद्यातून उन्हात बाहेर आलं की तिच्या छातीवरून जणू पोतं उतरायचं. तिला भूक लागायची. तिला हसू यायचं.

"टोरे," ती हाक मारायची, "कॉफी घेणार का?"

तो पुढे बघतच मान हलवायचा. "घेईन की."

३

"बघूनच येऊ," मायलिस म्हणाली. "तू दिवसरात्र भिंतीचा विचार करतेस. भिंत बघ, हात लाव, आणि विषय संपव."

सुट्टीच्या दिवशी भरदुपारी दोघी एक छोटी होडी घेऊन गेल्या. वल्ही मायलिसने मारली. पाणी चकाकत होतं, किनाऱ्यावर लोक उघड्या अंगाने उन्हात पडले होते. बोगद्याच्या तोंडाशी ऊन सुरीने कापावं तसं तुटलं.

आत थंडी होती. हेडविगने बॅटरी भिंतीवर फिरवली. दगड, शेवाळ, ती गंजकी कडी. कडीखाली थेट पाणी. पाय ठेवायला बोटभरही कंगोरा नव्हता. तिने हात लांब करून दगडाला टेकवला.

दगड कोमट होता.

"काय?" मायलिसने विचारलं.

"काही नाही. ऊन लागत असेल कधीतरी."

"इथे? शंभर वर्षांत नाही लागलं."

वर गाडी धडधडत गेली. ती गेल्यावर दुसरा आवाज राहिला. धप्. मग थोडा वेळ काही नाही. मग धप्, धप्.

"कोणीतरी गालिचे झोडपतंय," मायलिस म्हणाली. "वरच्या एखाद्या अंगणात."

हेडविगलाही तसंच वाटलं. लहानपणापासून ऐकलेला आवाज. लोखंडी दांडीवर गालिचा टाकून वेताच्या छडीने हाणायचा. फक्त अंगणातला आवाज वरून आला असता. हा भिंतीतून येत होता. आणि गालिचा कण्हत नाही.

"निघू या," ती म्हणाली.

बॅटरी विझली. हातातून पडली की तिनेच विझवली, तिला सांगता आलं नसतं. पुढचं तिला आठवतं ते ऊन. होडी बोगद्याच्या बाहेर डुलत होती, वल्हं हेडविगच्या हातात होतं, आणि मायलिस समोर बसून पाण्यात थुंकत होती. लाल. तिचा वरचा ओठ मधोमध फाटला होता आणि तिच्या तळव्यावर एक दात होता.

"वल्हं लागलं गं," मायलिस दाताकडे बघत म्हणाली. "अंधारात तू वल्हं घ्यायला गेलीस आणि… असंच झालं ना?"

"असंच झालं," हेडविग म्हणाली.

मायलिस हसायला लागली. रक्ताळलेल्या तोंडाने, अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसता हसता थांबली आणि हेडविगकडे अशी बघत राहिली, की हेडविगने वल्हं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. फोनवर म्हणाली, दाताचं बघायचंय. पुन्हा फोन उचलला नाही.

४

जुलैत गर्दी वाढली. आणि ही गर्दी वेगळी होती.

शहरातली माणसं पर्यटकांच्या बोटीत बसत नाहीत. त्यांना ते कमीपणाचं वाटतं. आता तीच रांगेत दिसायला लागली. शाळेतल्या बाई, बँकेतला माणूस, बाळाला झोळीत बांधलेली जोडपी. त्यांना राजवाडा बघायचा नव्हता. हेडविग बोलत असताना ती माणसं तिच्या हातांकडे बघत बसायची. सगळ्यांना डावीकडची बाकं हवी असायची. बोट डावीकडे कलायची आणि टोरे खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "थोडे इकडे बसा हो. बुडू आपण." कोणी हलायचं नाही.

रूने हेलबेरी रोज यायचा. निवृत्त माणूस, चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात हयात गेलेली, बायको वारलेली. पांढरीशुभ्र दाढी, इस्त्रीचा सदरा, सोबत कॉफीचा थर्मास. इतका सभ्य की बसताना शेजारच्याची परवानगी घ्यायचा.

एका सकाळी डावीकडच्या शेवटच्या जागेवर त्याच्याआधी एक तरुण मुलगी बसली. पाठीवर पिशवी, कुठूनतरी दुरून फिरत आलेली.

"ती माझी जागा आहे, बाळ," रूने म्हणाला.

"नाव लिहिलंय का तुमचं?"

रूनेने तिच्याकडे खेदाने बघितलं. मग थर्मास उंच केला आणि तिच्या कानशिलावर मारला. एकदा नाही. धातूचा आवाज पाण्यावरून दूरवर गेला. मुलगी दोन बाकांच्या मध्ये कोसळली तरी तो वाकून मारत राहिला, घाई न करता, ताल धरल्यासारखा. तिच्या केसांतून रक्त फळीवर आलं आणि फळीच्या चिरेतून खाली गेलं. आजूबाजूच्या माणसांनी पाय वर घेतले.

हेडविग ओरडत धावली. टोरेने येऊन रूनेचे दोन्ही हात मागे धरले. मुलगी उठून बसली, कानाला हात लावला, बोटं बघितली. तिला धक्क्यावर उतरवायला लागले तर तिने कठडा घट्ट पकडला.

"नाही," ती म्हणाली. "मला बघायचंय. मी उजवीकडे बसते. उभी राहते हवं तर."

टोरेने त्या दिवशी फेरी रद्द केली. कोणीच उठेना. शेवटी त्याने पोलिसांना फोन लावल्यावर लोक बोटीवरून उतरले आणि तिथेच धक्क्यावर रांग लावून उभे राहिले. पोलीस आले तेव्हा ती मुलगी म्हणाली की आपण पाय घसरून पडलो. रूने तिच्या डोक्याला आपला रुमाल बांधत होता. तो चांगलं बांधत होता.

पोलीस गेल्यावर हेडविगने त्याला बाजूला घेतलं.

"तुम्हाला तिथे काय दिसतं? मला सांगा. काय असतं तिथे?"

"तुम्ही असता," रूने आदराने म्हणाला.

"आणि?"

"तो उंच माणूस असतो. गुडघे टेकून बसलेला." त्याने आवाज खाली आणला. "एक गोष्ट मनाला फार लागते बघा. तो हात वर करत नाही. मार चुकवायला माणूस हात वर करतोच ना? कुत्र्याला दगड उगारला तरी ते अंग चोरतं. हा नाही चोरत. एकदाही नाही."

"कोण आहे तो? चेहरा कसा आहे?"

"चेहरा," रूने विचार करत म्हणाला, "चेहरा आता कुठे राहिलाय त्याला."

५

त्या संध्याकाळी बोटीवर दोघंच होती. सूर्य अजून घरांच्या वर होता. टोरे बादलीने फळ्या धूत होता. एवढा मोठा माणूस, पण काम करताना कशाला धक्का लागू द्यायचा नाही. बोटीत कोळी दिसला तर कागदावर घेऊन धक्क्यावर सोडून यायचा.

"टोरे, बोगद्यात तुला काही दिसतं?"

"सुकाणू धरणाऱ्याने पुढे बघायचं असतं."

"मी विचारतेय ते सांग."

"पुढे बघतो मी, हेडविग." त्याने कुंचा पुन्हा त्याच फळीवर फिरवला. ती फळी केव्हाच स्वच्छ झाली होती.

"उद्यापासून तिकडून जायचं नाही. बेटाला वळसा घालून जाऊ. वेळ लागू दे लागला तर."

कुंचा थांबला. टोरेने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत तिला जे दिसलं ते सुटका झाल्यासारखं नव्हतं. उलट, काहीतरी हातचं जातंय, असं होतं.

"तुला नको आहे ते?" त्याने विचारलं.

"मला नको म्हणजे? मला कशाला हवं असेल?"

"बरं," तो म्हणाला. "तुला नको तर नको."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीला बोट खचाखच भरली होती. रूने डावीकडे, पहिल्या बाकावर. कानाला पट्टी बांधलेली ती मुलगी त्याच्याच शेजारी. हेडविग राजवाड्याबद्दल बोलली. कोणी हसलं नाही. नेहमीच्या जागी टोरेने सुकाणू उलटं फिरवलं आणि बोट कुरकुरत रुंद पाण्याकडे वळली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एक बाई म्हणाली, "अहो, पूल मागे राहिला."

"आज तिकडे काम चालू आहे," हेडविग माइकवर म्हणाली. "आज आपण बेटाच्या बाहेरून—"

"पूल मागे राहिला," रूने उभा राहत म्हणाला.

मग सगळेच उभे राहिले. आरडाओरडा नव्हता, हेच वाईट होतं. बाळ झोळीत घेतलेला बाप हेडविगला "जरा" म्हणून बाजूला सारून पुढे गेला. शाळेतल्या बाईंनी सुकाणूच्या खोलीची काच कोपराने फोडली, कोपरातून काच उपटून काढली आणि आतला खटका उघडला. टोरे एका हाताने सुकाणू धरून होता. पहिला मार त्याच्या मानेवर बसला. मग ते सगळे एकदम त्याच्यावर पडले. पाठी, खांदे, दप्तरं, छत्र्या. मधून टोरेचा हात दिसला, बोटं भलत्याच दिशेला वाकलेली, आणि पुन्हा दिसेनासा झाला. कोणीतरी सुकाणू फिरवलं. बोट इतकी कलली की उजवीकडची माणसं घरंगळत डावीकडे आली. एकाचं डोकं लोखंडी खांबाला लागून फुटलं. तो पडल्या जागेवरून पुलाकडे बघत राहिला.

बोट धक्क्याला लावताना ओढून घ्यायची आकडीची काठी कठड्याला अडकवलेली असायची. हेडविगने ती काढली. भावाला सोडवायला म्हणून काढली. याबद्दल तिच्या मनात पुढेही कधी शंका आली नाही. ती काठी उगारून गर्दीत घुसली, आणि तेवढ्यात ऊन तुटलं.

६

पायाखाली दगड होता. ओला, कोमट.

इंजिनाचा आवाज नव्हता. बाकी कसलाच आवाज नव्हता. फक्त तिचा स्वतःचा श्वास, धावून आल्यासारखा. काठी हातात होती आणि बरीच जड झाली होती. टोकाला काहीतरी चिकटून लोंबत होतं. समोर, तिच्या गुडघ्यांच्या उंचीला, कोणीतरी बसलं होतं. तिने खाली बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. बघितलं तर थांबावं लागेल एवढं तिला कळत होतं.

समोरच्या काळ्या पाण्यावरून एक बोट चालली होती. अगदी हळू. तिच्यात माणसं भरलेली होती आणि सगळे चेहरे तिच्याकडे वळले होते. पांढरे, ताटल्यांसारखे, तोंडं किंचित उघडी. जर्मनीची ती नीटनेटकी बाई होती, तोंडावर हात धरून. मायलिस होती, ओठ न फाटलेली. आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, लाल जाकीट घालून, बंद माइक हातात धरून एक बाई उभी होती. तिच्या तोंडावर रोजच्या कामाचं हसू होतं. बोगदा संपायची ती वाट बघत होती. ती भिंतीकडे बघत होती, थेट हेडविगकडे बघत होती, आणि तिला काही दिसत नव्हतं.

हेडविगला ओरडायचं होतं. तोंड उघडलं तर आत हवा नव्हती. हात मात्र वर गेला. खांद्यातून, पाठीतून, टाचांतून जोर वर आला, आणि छातीवरचं पोतं उतरायला लागलं.

खाली बसलेल्याने मान थोडी पुढे केली. तिला सोपं जावं म्हणून.

७

उन्हात बोट भिंतीला घासत थांबली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

टोरे सुकाणूच्या खोलीच्या दारात पडला होता. त्याच्या तोंडाचा डावा भाग आत गेला होता. आकडीची काठी रूनेच्या हातात होती. तो ती फळ्यांना टेकवून, धाप टाकत उभा होता. हेडविगचे हात मोकळे होते. पेरं सोलून पांढरं हाड दिसत होतं.

ती टोरेला ओलांडून सुकाणूशी गेली. बोट मागे घेतली, वळवली, आणि जिथे पायऱ्या रस्त्याला सर्वांत जवळ होत्या तिथे सरळ नेऊन आपटली. मदत येईपर्यंत तिने त्याचं डोकं मांडीवर धरलं. मागे माणसं आपापल्या वस्तू गोळा करत होती, एकमेकांच्या जखमांना रुमाल देत होती. "सावकाश उतरा हो," कोणीतरी म्हणालं.

पोलिसांना सगळ्यांनी एकच सांगितलं: तो खेळाचाच भाग होता. रूनेला पकडून नेलं. त्याने काहीच नाकारलं नाही. काठी त्याच्या हातात कशी आली असं विचारल्यावर तो म्हणाला, "त्यांनी अर्धवट सोडलं होतं." कोणी सोडलं, ते त्याने सांगितलं नाही, पुढे त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं तिथेही नाही. बोटीच्या मालकांनी फेऱ्या बंद केल्या आणि बोट विकून टाकली.

टोरे जगला. त्याच्या जबड्यात तारा घातल्या, डावा कान कायमचा गेला. हेडविग रोज त्याच्याजवळ बसायची. एकदा डॉक्टरीण बाईंनी तिला बाहेर बोलावलं.

"तुमच्या भावाला आधी कोणी मारायचं का?"

"त्याला? त्याला कोण मारणार?"

"त्याच्या बरगड्या मोडून जुळलेल्या आहेत. मनगट, खांद्याचं हाड. सगळं याच उन्हाळ्यातलं, पण एका दिवसातलं नाही. एक जुळत असताना दुसरं मोडलंय." बाईंनी तिच्या हातांवरच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. "एवढं घेऊन हा माणूस रोज काम कसा करत होता?"

८

डिसेंबरात पाणी गोठलं. टोरे घरी आला होता. एका रविवारी दुपारी हेडविग त्याच्याकडे गेली. त्याने स्वतः कॉफी केली, राईचा पाव काढला, चीज काढलं. खिडकीत मेणबत्त्या लावल्या होत्या. बोलताना त्याचा शब्द एका बाजूने निसटायचा, म्हणून तो थोडं थोडं बोलायचा. ऐकायला उजवा कान पुढे करायचा.

बराच वेळ पाव कापण्यात गेला. मग हेडविगने विचारलं.

"तुझी हाडं आधीच मोडलेली होती. डॉक्टरीण बाई म्हणाल्या."

"हं."

"कशी मोडली?"

टोरेने तिच्याकडे आश्चर्याने बघितलं. "मला वाटायचं, तुला ठाऊक आहे."

बाहेर रस्त्यावर बर्फ खरवडायची गाडी जात होती. ती लांब जाईपर्यंत तो थांबला.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "आत शिरलं की मी तिथे असायचो. खाली बसलेला. आणि तू यायचीस. मग ऊन यायचं आणि हात सुकाणूवरच असायचे."

"मग तू बोट तिकडून नेत का राहिलास?" तिचा आवाज चढला. "वळसा घालता आला असता! शेवटी घातलासच ना?"

"शेवटी तू सांगितलंस म्हणून."

"आणि त्याआधी? त्याआधी का नाही, टोरे?"

त्याने कपाचा कान नीट स्वतःकडे फिरवला. मोठी, वाकडी जुळलेली बोटं.

"आईच्या दफनानंतर तू माझ्याशी बोलली नव्हतीस," तो म्हणाला. "अजिबात नाही. 'दोर सोड', 'दोर बांध', एवढंच. पण बोगद्यातून बाहेर आलं की तू हाक मारायचीस. कॉफी घेणार का म्हणायचीस." तो थोडं हसला, ते हसू एका बाजूलाच उमटलं. "दिवसात चारपाचदा विचारायचीस. मला वाटलं, असू दे. एवढ्यात भागत असेल तर असू दे."

हेडविग बसून राहिली. तिला रडू यायला हवं होतं. उठून त्याच्या गळ्यात पडायला हवं होतं, निदान त्याचा हात हातात घ्यायला हवा होता. तिने आत शोधून बघितलं. दफनाच्या दिवशीचा त्याचा उन्हाने रापलेला चेहरा आठवला. दारात उभा राहून विचारत होता, "तिला त्रास झाला का गं शेवटी?" तिचे दात एकमेकांवर बसले. सावकाश, ओळखीच्या जागी.

टोरे तिच्याकडे बघत नव्हता. पण त्याने तिचा कप भरला, साखर तिच्या बाजूला सरकवली, आणि टेबलावरची पावाची सुरी उचलून, पाठीमागच्या ओट्यावर, तिच्या हाताला लागणार नाही इतकी मागे ठेवली.

मग तो पुन्हा येऊन तिच्यासमोर बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून.